बुटाचा नंबर: आधी पाय सेंटिमीटरमध्ये मोजा, मग यूके, युरोप, अमेरिकेचे आकडे लावा

भरतीच्या तयारीचे धावायचे बूट, शाळेचे काळे बूट, फवारणीचे गमबूट आणि कोळसा खाणीत लागणारे सेफ्टी शूज, या चारही जोड्यांवर '८' छापलेलं असू शकतं आणि चारही पायात वेगवेगळे बसू शकतात. आठवडी बाजारात याने फारसं बिघडत नाही. पाय घालून बघायचा, टोचला तर दुकानदार नऊ काढून देतो. मोबाइलवरून मागवलेला बूट मात्र चार-आठ दिवसांनी गावात पोहोचतो, आणि बऱ्याच गावांत तो परत न्यायला कुरिअरवाला येत नाही. म्हणून आपल्या पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये पाठ पाहिजे. त्या एका आकड्यावरून जगातला कुठलाही नंबर काढता येतो. नंबरावरून उलट पायाची लांबी काढायला गेलात तर फसगत होते, कारण प्रत्येक कंपनी बुटाच्या आत जागा आपल्या हिशेबाने सोडते.

पाय कसा मोजायचा

वेळ सांजेची. दिवसभर वावरात उभं राहून पाय थोडा सुजतो, पसरतो. मे महिन्यात तर जास्तच. सकाळी उठल्याउठल्या घेतलेलं माप संध्याकाळी बुटात चावतं. जो मोजा बुटासोबत घालणार तोच घाला. जाड स्पोर्ट्स मोजा आणि शाळेचा पातळ मोजा यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

जागा सपाट हवी. सारवलेली जमीन खालीवर असते आणि मातीची भिंत सरळ नसते, तेव्हा फरशी किंवा मोठा पाट घ्या आणि टाच टेकवायला उंबरठा किंवा लोखंडी पेटीची सपाट बाजू घ्या. एक ए-फोर कागद लांबीच्या दिशेने अगदी कडेला लावून ठेवा. हा कागद २९.७ सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पाय त्यावर मावतो. टाच मागे टेकवून दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा. बसून मोजलं तर पाय काही मिलिमीटर आखूड येतो, आणि स्वतः वाकून मोजलं तर वजन टाचेवरून सरकतं. खूण दुसऱ्याला करू द्या.

पायाभोवती पेन्सिल फिरवून आखायची सवय सगळीकडे आहे, पण चूक तिथेच शिरते. पेन्सिल साधारण सात मिलिमीटर जाड असते, तिचं टोक बोटापासून साडेतीन मिलिमीटर दूर राहतं. पेन्सिल आत कलली तर माप कमी, बाहेर कलली तर आणखी जास्त. त्यापेक्षा पुठ्ठ्याचं जाड पुस्तक उभं धरून सगळ्यात लांब बोटाला हलकंसं टेकवा आणि पुस्तकाच्या कडेने कागदावर रेघ मारा. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही. बऱ्याच जणांचं शेजारचं बोट पुढे असतं.

आता कागदाच्या कडेपासून रेघेपर्यंतचं अंतर मोजा. दप्तरातली पट्टी चालते, फक्त तिच्या टोकापासून शून्यापर्यंत थोडी कोरी जागा असते, ती धरू नका. शिलाईचा जुना टेप ताणून लांब झालेला असतो, तो नको. दोन्ही पाय मोजा आणि मोठा पाय धरा. त्याच कागदावर चवड्याची सर्वांत रुंद जागा, म्हणजे अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंत, हीसुद्धा आखून ठेवा. चवड्याभोवती सुतळी गुंडाळून घेर मोजला तर आणखी चांगलं. कागदावर तारीख टाका, विशेषतः लेकरांच्या.

हे नंबर येतात कुठून

बूट ज्या साच्यावर चढवून शिवतात किंवा चिकटवतात त्याला कारागीर फर्मा म्हणतात. यूके आणि युरोपचा नंबर हे मुळात फर्म्याचं माप आहे. फर्मा पायापेक्षा साधारण दीड ते दोन सेंटिमीटर लांब असतो, कारण चालताना बोटं पुढे सरकतात. ही सोडलेली जागा कंपनीनुसार आणि बुटाच्या घाटानुसार बदलते. टोकदार पुढचा भाग असलेल्या बुटात ती जास्त असते, पण त्या टोकात बोटं शिरत नाहीत, त्यामुळे तिचा उपयोग नाही.

आपल्याकडे दुकानात जो नंबर बोलतात तो यूकेचाच. इंग्रजांच्या जुन्या मापपद्धतीत जवाच्या एका दाण्याची लांबी म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, ८.४७ मिलिमीटर, आणि बुटाचा एक नंबर म्हणजे एक दाणा. (आपल्या जुन्या मापांतही आठ यवांचं एक अंगुल होतं, फक्त तिथे दाणे आडवे लावत, म्हणजे जाडी मोजत.) मोजणी चार इंचांपासून सुरू होते. तिथे लहान मुलांचा शून्य नंबर, पुढे तेरापर्यंत जायचं, आणि त्यानंतर पुन्हा १ पासून मोठ्यांचे नंबर.

युरोपची पायरी सेंटिमीटरच्या दोन-तृतीयांशाची, म्हणजे ६.६७ मिलिमीटर. मोजणी शून्यापासून आणि मधे कुठेही तुटत नाही. म्हणून तिथे लेकराचा २४ आणि बापाचा ४३ एकाच शिडीवर बसतात.

पायऱ्या अशा लहानमोठ्या असल्यामुळे यूकेचे चार नंबर चढलात की युरोपचे जवळपास पाच चढून होतात. '६ म्हणजे ४०, ७ म्हणजे ४१, ८ म्हणजे ४२' असा एकास एक लावलेला तक्ता दुकानात टांगलेला असतो. तो मधल्या नंबरांना ठीक चालतो, टोकाला जाऊन घसरतो: यूके १० कुठे ४४ लिहिलेला दिसतो, कुठे ४५. दोन्ही आपापल्या परीने बरोबर, कारण खरा आकडा ४४.५ च्या आसपास आहे. आदिदासच्या बुटांवर ४२⅔, ४३⅓ असे विचित्र आकडे दिसतात त्यांचं कारणही हेच. यूकेचा अर्धा नंबर ४.२३ मिलिमीटरचा, म्हणजे युरोपच्या पायरीचा जवळपास दोन-तृतीयांश भाग.

अमेरिकेची पायरी यूकेइतकीच, पण सुरुवात वेगळ्या ठिकाणी. पुरुषांचा अमेरिकी नंबर यूकेपेक्षा एकने मोठा धरायचा. काही कंपन्या अर्धाच वाढवतात. बायकांची अमेरिकी शिडी वेगळी आहे, तिथे यूकेपेक्षा दोन ते अडीच जास्त. जपान पायाची लांबीच सेंटिमीटरमध्ये छापतं, अर्ध्या सेंटिमीटरच्या पायरीने: २५, २५.५, २६. चीन आणि कोरियात तेच मिलिमीटरमध्ये: २५०, २५५, २६०. हे फर्म्याचं माप नसून पायाचं आहे, म्हणून आपल्याला सर्वांत उपयोगी तेच. सैन्यदलांच्या बुटांसाठी मोंडोपॉइंट नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत चालते. तिच्यात पायाची लांबी आणि रुंदी दोन्ही मिलिमीटरमध्ये लिहितात. ब्राझीलची रबरी चप्पल हाती आली तर तिचा नंबर युरोपपेक्षा दोनने कमी असतो: तिथला ३९ म्हणजे युरोपचा ४१.

कागदावरचा हिशेब

पायाच्या लांबीत दीड सेंटिमीटर मिळवा. हा झाला अंदाजे फर्मा. त्याला दीडने गुणा, युरोपचा नंबर आला. फर्म्याचे इंच करा (२.५४ ने भागा), तीनने गुणा आणि २५ वजा करा, यूकेचा आला.

समजा पाय २५.५ सेंटिमीटर. फर्मा २७. युरोप २७ × १.५ = ४०.५, म्हणजे ४१. यूके: २७ ÷ २.५४ = १०.६३ इंच, तिनाने ३१.८९, त्यातून २५ गेले, उरले ६.८९, म्हणजे ७. अमेरिकेचा पुरुषी नंबर ८. अपूर्णांक आला तर वरचा नंबर घ्यायचा, अर्धा नंबर मिळत असेल तर अर्धा.

मोबाइलवर हिशेब करायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी तोच हिशेब मांडून ठेवला आहे. डावीकडे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये:

२३ पर्यंत: यूके ४, युरोप ३७
२३.९ पर्यंत: यूके ५, युरोप ३८
२४.७ पर्यंत: यूके ६, युरोप ३९ किंवा ४०
२५.६ पर्यंत: यूके ७, युरोप ४१
२६.४ पर्यंत: यूके ८, युरोप ४२
२७.३ पर्यंत: यूके ९, युरोप ४३
२८.१ पर्यंत: यूके १०, युरोप ४४ किंवा ४५

कंपनीने स्वतःचा तक्ता दिला असेल तर हा बाजूला ठेवून तोच वापरा. नायकीच्या तक्त्यात पुरुषांचा यूके ८ म्हणजे युरोप ४२.५ आणि २७ सेंटिमीटर. आदिदासच्या तक्त्यात तोच यूके ८ म्हणजे ४२ आणि २६.५ सेंटिमीटर. 'मला आठच लागतो' हे वाक्य इथे अर्धा सेंटिमीटर चुकतं.

ऑनलाइन विकणाऱ्यांचा तक्ता वाचताना शब्द नीट बघा. 'पायाची लांबी' आणि 'इनसोलची लांबी' हे वेगळे. इनसोल म्हणजे बुटाच्या आतला सुटा तळ, तो पायापेक्षा लांब असतो. २६ चा पाय आणि इनसोल २६ असा बूट मागवला तर बोटं पुढे दाबली जाणार, हे ठरलेलं. इनसोलचा आकडा दिला असेल तर आपल्या पायात एक सेंटिमीटर मिळवून जुळवा.

एकच आकडा लिहिला असेल तेव्हा

बाजारातल्या बिनकंपनीच्या बुटावर बऱ्याचदा एकच आकडा असतो. मोठ्यांच्या बुटावर ३५ ते ४६ मधला आकडा असेल तर तो युरोपचा. २२० ते ३०० असेल तर मिलिमीटर. २२ ते ३० असेल तर सेंटिमीटर, पण लेकराच्या बुटावर हाच २६ युरोपचा असतो, तेव्हा आकाराकडे बघा. ३ ते १२ मधला आकडा सर्वांत घोळाचा, कारण तो यूकेचाही असेल आणि अमेरिकेचाही. बुटाच्या जिभेच्या आत शिवलेली पट्टी उलटून बघा. तिथे ओळीने यूएस (अमेरिका), यूके, ईयू किंवा एफआर (युरोप), आणि सीएम किंवा जेपी (सेंटिमीटर) असे आकडे असतात. सीएमच्या ओळीवर बोट ठेवा, बाकी सोडा. क्रॉक्ससारख्या सँडलवर 'एम७ डब्ल्यू९' लिहितात, तो अमेरिकी नंबर: पुरुषांचा ७, बायकांचा ९. यूकेत तो साधारण ६.

भरतीला ८०० मीटर धावणाऱ्या मुलींनी इथे जपून राहायचं. पाय २३.८ असेल तर यूके ५, युरोप ३८, आणि अमेरिकेच्या बायकांच्या शिडीवर साधारण ७. बायकांच्या बुटावरचा ७ बघून तो यूकेचा समजून सोडून दिला किंवा पुरुषांचा ७ उचलला तर मापात दोन नंबरांचा घोळ होतो. लांबीच्या हिशेबाने मुलींनी पुरुषांचा यूके ५ घ्यायला हरकत नाही, तो फक्त थोडा रुंद असतो. चवडा रुंद असेल तर उलट तोच बरा बसतो.

चवडा रुंद असेल तर

वर्षानुवर्षं चपलेत किंवा अनवाणी फिरलेला पाय पुढून पसरतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. युरोप-अमेरिकेतल्या पायापेक्षा आपला पाय रुंद असतो, असंच त्यातून दिसलं. त्यावरून 'भा' नावाची, वयानुसार आठ गटांची भारतीय पद्धत सुचवली गेली. ती बाजारात रुळेपर्यंत दुकानात यूकेचाच फर्मा आहे आणि रुंद पायाचा माणूस एक नंबर वाढवून काम भागवतो.

एक नंबर वाढवल्याने लांबी साडेआठ मिलिमीटर वाढते, रुंदी त्या मानाने फारच थोडी. परिणाम असा होतो: टाच आत-बाहेर सरकते आणि तिथे फोड येतो. बूट ज्या जागी वाकायला बनवला आहे ती जागा बोटांच्या मुळाशी न येता पुढे जाते, म्हणून वरच्या भागाला चुकीच्या ठिकाणी घडी पडते आणि ती घडी बोटांवर घासते. आणि जिथे खरं दाबत होतं, करंगळीच्या मुळाशी, तिथे दाब तसाच राहतो.

त्यापेक्षा रुंद घाटाचा बूट शोधा. धावण्याच्या बुटांवर रुंदी अक्षरात लिहितात. अमेरिकी पद्धतीत पुरुषांची साधारण रुंदी डी, रुंद २ई, फार रुंद ४ई. बायकांची साधारण बी आणि रुंद डी. ब्रिटनमध्ये अक्षरं वेगळी, बऱ्याच कंपन्यांत पुरुषांची साधारण रुंदी एफ किंवा जी. जपानचं २ई आणि अमेरिकेचं २ई एक नव्हे. जपानी २ई अमेरिकेच्या साधारण डीच्या जवळपास भरतं. अक्षर नसलेल्या बुटात पुढचा भाग गोल असलेला घ्या, टोकदार टाळा.

बूट हातात असेल तर सोपी परीक्षा आहे. आतला इनसोल काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. बोटांच्या पुढे बोटभर, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर, इनसोल उरला पाहिजे आणि चवडा कडेबाहेर ओघळता कामा नये. मग बूट घालून नाडी बांधा. नाडीच्या छिद्रांच्या दोन ओळी एकमेकींना चिकटल्या तर बूट सैल, वर दूरदूर फाकल्या तर घट्ट. एकाच जागी दाबत असेल तर त्या जागेवरचं छिद्र सोडून नाडी ओवा. टाच सरकत असेल तर सगळ्यात वरच्या जादा छिद्रातून नाडी घेऊन तिथेच छोटा फास करा आणि दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओढा.

'वापरून सैल होईल' हे चामड्याच्या रुंदीपुरतं खरं. लांबी कुठल्याच बुटाची वाढत नाही, आणि रेक्झिनचा बूट रुंदीतही वाढत नाही, फाटतो.

लेकरांचे बूट

शाळा सुरू व्हायच्या आधी, जूनमध्ये, दोन नंबर मोठा बूट घेऊन पुढे कापूस कोंबण्याची रीत घरोघरी आहे. दोन नंबर म्हणजे जवळपास १७ मिलिमीटर. पोरगं बुटात बोटं आवळून चालतं आणि ठेचकाळतं. वाढीसाठी एक ते सव्वा सेंटिमीटर मोकळी जागा पुरे. दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा कागदावर पाय ठेवा. बूट लहान झाला हे लेकरू सहसा आपण होऊन सांगत नाही.

यूकेच्या लहान शिडीचा १३ म्हणजे युरोपचा ३२, आणि त्याच्या लगेच पुढचा '१' म्हणजे ३३. ऑनलाइन मागवताना हा १ बाळाचा की सात-आठ वर्षांच्या मुलाचा, हे बघा. अमेरिकी लेबलवर आकड्यापुढे सी असेल तर लहान मुलाचा, वाय असेल तर मोठ्या मुलाचा. वयावर लिहिलेल्या तक्त्याचा भरवसा धरू नका.

काम तसा बूट

१६०० मीटर धावायचं असेल तर बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, दहा-बारा मिलिमीटर जागा ठेवा. पाय तापून फुगतो आणि प्रत्येक पावलाला पुढे आदळतो. जागा कमी पडली की नख काळं होतं. नवा बूट भरतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

गमबूट बहुतेक पूर्ण नंबरातच मिळतात, आणि नाडी नसल्यामुळे सैलपणा आवळता येत नाही. काळ्या मातीत किंवा धानाच्या बांधीत सैल गमबूट चिखलात रुतून बसतो आणि पाय वर येतो. अर्ध्यात अडकलात तर वरचा नंबर घ्या आणि आत जाड इनसोल टाका, दोन जोड मोजे नको. फवारणी करताना पँट गमबुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचली तर औषध पायावरून सरळ बुटात उतरतं.

सेफ्टी शूजच्या पुढे पोलादी टोपी असते, ती तसूभरही फाकत नाही. बोटं टोपीच्या मागच्या कडेला लागतात का हे गुडघा वाकवून, उकिडवं बसून बघा, उभं राहून कळत नाही. लागत असतील तर लांबी न वाढवता रुंद घाट मागा.

ज्यांना शुगर आहे आणि तळव्याची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी 'टोचत नाही' यावर विसंबू नये. कागदावरची आखणी कापून बुटात घालून बघा. ती कुठे दुमडली तर बूट लहान आहे.

मागवण्याआधी

आपल्या पिनकोडवर बूट परत नेण्याची सोय आहे का, हे पैसे भरण्याआधी बघा. घरपोच मिळतं म्हणजे परतही नेतात असं नाही. आलेला बूट संध्याकाळी, स्वच्छ सतरंजीवर घालून दहा मिनिटं घरातच चाला. तळाला माती लागली की परत घेत नाहीत. खोका, लेबल आणि आतला कागद नक्की ठरेपर्यंत फेकू नका. बूट नीट बसला तर जिभेमागच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा: पुढच्या वेळी त्याच कंपनीचा तोच सीएम आकडा मागायचा, आणि कंपनी बदलली तर पुन्हा कागदावरून सुरुवात करायची.